आईचं गाणं घरी रेकॉर्ड करायचंय: आधी खोली, मग माइक

प्रश्न मिरजेहून आला आहे. विचारणाऱ्या ताईंना आपल्या आईचं गाणं घरीच रेकॉर्ड करायचं आहे. आईंचं वय ६१. स्वतः पेटी वाजवत त्या अभंग आणि नाट्यपदं गातात, पट्टी काळी चार. धाकटा भाऊ तबल्याला असतो. वरच्या मजल्यावर १० बाय १२ फुटांची खोली आहे, खाली फरशी, साडेनऊ फुटांवर स्लॅब. ८ जीबी रॅमचा लॅपटॉप आहे आणि हातात ५० हजार रुपये. दुकानातून मिळालेल्या यादीत एक कंडेन्सर माइक (लांबचं, बारीकसारीकही टिपणारा), यूएसबी मिक्सर, रेकॉर्डिंग तपासून ऐकायच्या पाच इंची मॉनिटर स्पीकरची जोडी आणि भिंतींना चिकटवायला एक इंची फोम आहे. यातलं काय घ्यावं, असं त्या विचारतात.

ताई, मिक्सर, स्पीकर आणि फोम आज घेऊ नका. माइक घ्या, पण खोलीचं काम झाल्यावर. असं का म्हणतो ते सांगतो, कारण हे मी फार मोठी किंमत देऊन शिकलो.

मी पुण्यात पंचवीस वर्षं रेकॉर्डिंगचं काम करतो. सुरुवातीला उसने पैसे घेऊन एक महागडा कंडेन्सर माइक आणला आणि आमच्या पुढच्या खोलीत एका वयोवृद्ध भजनी बुवांची अडीच तासांची बैठक रेकॉर्ड केली. शहाबादी फरशी, कोऱ्या भिंती, एक लोखंडी कपाट, बस. माइकने खोलीत होतं ते सगळं इमानदारीने टिपलं. बुवांच्या प्रत्येक आलापामागे भिंती बोलत होत्या, पेटी पत्र्याच्या डब्यात वाजल्यासारखी येत होती. पुढच्या वेळी नीट करू, असं ठरलं. वर्षभरात बुवा गेले. ती फाइल माझ्याकडे आजही आहे. घुमारा कमी करणारी सॉफ्टवेअरं आली, प्रत्येक नव्या सॉफ्टवेअरमधून मी ती काढून पाहिली. घुमाऱ्याबरोबर आवाजाचा कसही जातो.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात गावी आजीच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या. माइक भजनी मंडळाकडून मागून आणलेला, साधा डायनॅमिक. पण खोली धान्याची होती: पोती रचलेली, दांडीवर गोधड्या, खाली शेणाने सारवलेली जमीन. त्या रेकॉर्डिंगमध्ये आजी तुमच्या शेजारी बसून गाते आहे असं वाटतं. मधल्या काळात मी काही शहाणा झालो नव्हतो, माइक तर कितीतरी स्वस्त होता. खोली तेवढी बदलली होती.

म्हणून आज संध्याकाळी एक काम करा. रिकाम्या खोलीच्या मध्यावर उभ्या राहून एक जोरदार टाळी वाजवा. टाळीमागे ‘टर्रर्र’ असा धातूसारखा थरार आला, तर समोरासमोरच्या भिंती आवाज एकमेकींकडे फेकत आहेत. मग घरातल्या गाद्या भिंतींना उभ्या करा, सतरंजी अंथरा, दारावर दोन गोधड्या टाका आणि पुन्हा टाळी वाजवा. दोन्ही वेळा आईंना एकच ओळ गायला सांगून फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. या दोन फाइलींत जो फरक ऐकू येईल, तेवढा फरक दहा हजारांच्या आणि चाळीस हजारांच्या माइकमध्ये ऐकू येत नाही.

आता फोमबद्दल. एक इंची फोम फक्त वरचे, तीक्ष्ण स्वर पितो. आवाज जितका खालचा तितकी त्याची लाट लांब. १०० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला १०० कंपनांची, लाट जवळजवळ साडेतीन मीटरची असते, तिला इंचभर स्पंज काय अडवणार? चारी भिंतींना फोम लावला की आवाजातली चमक मरते आणि खालची घुमघुम तशीच राहते. अंड्यांचे ट्रे तर तेवढंही करत नाहीत.

तुमच्या खोलीचं गणित करून पाहू. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये, त्यांच्यातल्या अंतराच्या दुप्पट लांबीची लाट मुक्कामाला बसते. १० फुटांच्या बाजूला ती ५६ हर्ट्झच्या आसपास येते, १२ फुटांच्या बाजूला ४७ आणि साडेनऊ फुटांच्या उंचीला ५९. म्हणजे ५६ आणि ५९ एकमेकांच्या अंगावरच आहेत. आईंच्या आवाजाला याचा त्रास नाही, काळी चारचा त्यांचा षड्ज २०८ हर्ट्झच्या जवळ आहे. त्रास आहे तो तबल्याच्या डग्ग्याला, त्याचा स्वर खालचा असतो. एखादा ‘घे’ प्रमाणाबाहेर गाजेल आणि पुढचा बसल्यासारखा येईल, आणि भावाला वाटेल आपलाच हात बिघडला. यावर जाड भरावच लागतो.

सुताराकडून ४ बाय २ फुटांच्या चार लाकडी चौकटी करून घ्या, चार-पाच इंच खोल. त्यात ५० मिलिमीटर जाडीच्या ग्लासवूलच्या किंवा रॉकवूलच्या पाट्या दोन-दोन भरा. घनमीटरला ४८ किलो घनतेचा माल मागा, एसी डक्टिंगचं आणि पत्र्याच्या शेडचं सामान विकणाऱ्यांकडे तो मिळतो. भरताना मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच, कारण त्याचे तंतू कातडीला आणि घशाला फार त्रास देतात. वरून मांजरपाट किंवा खादी ताणून बसवा. कापड चालेल की नाही हे कळायला त्याला तोंड लावून फुंकर मारा. फुंकर पलीकडे गेली पाहिजे, रेक्झिन आणि प्लॅस्टिक बाद.

चौकटी उभ्या कुठे करायच्या, यात बहुतेकांची चूक होते. लोक माइकच्या मागची भिंत झाकतात. पण माइक बघतो गाणाऱ्याकडे, म्हणजे गाणाऱ्याच्या पाठीमागची भिंत त्याच्या थेट तोंडासमोर असते. दोन चौकटी आईंच्या पाठीमागे, एकेक डाव्या-उजव्या अंगाला. भिंतीपासून चार इंच पुढे ओढा, मागे राहिलेली हवा खालच्या स्वरांना आवरायला मदत करते. आई खाली बसून गातात हे तुमच्या पथ्यावर आहे. चौकटी जमिनीवरच उभ्या राहतील, भिंतीला भोक पाडावं लागणार नाही. बैठकीखाली जाड सतरंजी, तिच्यावर गादी. आणि खोलीच्या बरोबर मध्यावर बसवू नका, लांबीचा साधारण एक तृतीयांश भाग पाठीमागे सोडा.

बाहेरचा आवाज आत न येऊ देणं ही वेगळी गोष्ट, आणि ती ५० हजारांत होत नाही. त्यासाठी वजनदार भिंती आणि हवाबंद दारं-खिडक्या लागतात. मिरज जंक्शनचे भोंगे तुम्हाला वेळ साधूनच चुकवावे लागतील. पंखा बंद. फ्रिज बंद केलात तर घराची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे निघताना तो पुन्हा सुरू केल्याशिवाय कोणी बाहेर पडणार नाही.

पैशांची वाटणी मी अशी करीन: खोलीला ८ हजार, माइक, स्टँड आणि पॉप फिल्टरला (श्वासाचा धक्का अडवणारी जाळी) १४, इंटरफेसला (माइक लॅपटॉपला जोडणारा डबा) १४, हेडफोनला ८, केबलींना २. उरलेले ४ हजार बाजूला ठेवा, कारण पहिल्या महिन्यात काहीतरी राहिलेलं आठवतंच.

माइककडे वळतो. लोक विचारतात, डायनॅमिक की कंडेन्सर? डायनॅमिक जवळचं घेतो आणि लांबचं बरंचसं सोडून देतो, म्हणून वाईट खोलीत तो उपकार करतो. शूरचा एसएम ५८ हा १९६६ पासूनचा माइक आजही देवळापासून स्टेडियमपर्यंत चालतो तो याच गुणावर. पण त्याच्याशी चार बोटांवरून गावं लागतं. बैठकीत गाणारा माणूस तानेबरोबर मान हलवतो, सम येताना पुढे झुकतो. चार बोटांच्या अंतरात मान दोन बोटं हलली की आवाज पातळ होतो, परत आली की जाड. आईंना या वयात मान स्थिर ठेवायला शिकवणं म्हणजे गाण्याचा जीव काढणं. त्यांना दीड वीत अंतर द्या, मग मान हलली तरी आवाज फारसा बदलत नाही. त्या अंतरावरून नीट टिपायला कंडेन्सर हवा. खोलीचं काम आधी करायला सांगतोय ते त्यासाठीच. ऑडिओ-टेक्निकाचा एटी २०२० हा या रकमेतला प्रामाणिक माइक आहे. बजेट वाढलं तर रोडचा एनटी १, त्याची स्वतःची खरखर अतिशय कमी आहे. एक लक्षात ठेवा, हे दोन्ही माइक बाजूने गाण्याचे आहेत, टोकाकडून नव्हे. चुकीच्या बाजूने गाऊन ‘माइक खराब निघाला’ म्हणणारे मला दरवर्षी भेटतात.

ऐकून निवडण्याची संधी मिळाली तर इंग्रजी गाण्यांवर माइक पारखू नका. मराठीचे उच्चार त्याची वेगळी परीक्षा घेतात. ‘फुलांच्या परडीत भरभरून चाफा’ असं काहीतरी म्हणून पाहा. ‘फ’ आणि ‘भ’ला श्वासाचा धक्का बसतो का ते कळेल. ‘चाफा’तला आपला दंत्य ‘च’, ‘जहाज’मधला ‘ज’ वरच्या पट्टीत फार चमकणाऱ्या माइकवर सुईसारखा टोचतो. दुकानात हीच चमक ‘क्लिअर’ वाटते आणि घरी तिसऱ्या अभंगाला कान दुखतात. एसएम ५८ च्या नकला बाजारात भरपूर आहेत, तेव्हा कोणताही माइक अधिकृत विक्रेत्याकडून, पक्क्या बिलावरच घ्या.

स्टँड वजनदार तळाचा, आडव्या दांडीचा आणि बुटका घ्या. उभ्याने गाणाऱ्यांसाठीचे स्टँड बैठकीला पुरेसे खाली येत नाहीत, मग लोक माइक पाटावर ठेवतात आणि पेटीच्या भात्याचा प्रत्येक धक्का त्यात उतरतो.

अंतराचं महत्त्व जुन्या लोकांना आपल्यापेक्षा जास्त कळत होतं. १९०२ मध्ये कोलकात्यात गायिका गौहर जान यांच्या तबकड्या झाल्या तेव्हा माइक नव्हता, विजेवरचं रेकॉर्डिंग यायला १९२५ उजाडलं. समोर एक कर्णा असायचा आणि गाणाऱ्याने त्याच्या जवळ जायचं की लांब राहायचं, यावरच सगळा तोल असायचा. अंतर निम्मं केलं की आवाज ६ डेसिबलने वाढतो, पण खोलीचा पडसाद तेवढाच राहतो. सगळी कला या एका वाक्यात आहे.

आता तुमची मांडणी. आईंचा माइक हनुवटीच्या उंचीवर, तोंडापासून दीड वीत, किंचित वर बघणारा. वर सांगितलेले माइक कार्डिऑइड जातीचे, म्हणजे पाठीमागचं सर्वांत कमी ऐकणारे. असा माइक वर कलला की त्याची पाठ पेटीकडे होते, आणि पेटी आवाजावर चढत नाही. नेहमीप्रमाणे वरून खाली बघणारा लावलात तर पेटी आणि गळा दोन्ही त्याच्या तोंडासमोर येतात. भावाला नेहमीसारखं उजवीकडे बसवू नका, आईंच्या समोर पाच-सहा फुटांवर बसवा. तो आईंच्या माइकच्या पाठीशी जातो आणि दोघांची नजरानजरही राहते, जी समेला लागतेच. तबल्याचा माइक दोन्ही भांड्यांच्या मध्ये, दीड वीत वर, पाठ आईंकडे. माइक उगमापासून जितका दूर, त्याच्या तिप्पट अंतर दोन माइकांमध्ये हवं. इथे ते आपोआप सुटतं. तबल्यासाठी दुसरा माइक लगेच विकत घेऊ नका. गावातल्या कुठल्याही साउंडवाल्याकडे एसएम ५७ किंवा ५८ असतो, दिवसाच्या भाड्याने आणा.

थोडी पेटी आईंच्या माइकमध्ये येईल, थोडा तबला येईल. येऊ द्या. आपलं गाणं एकत्र श्वास घेऊन होतं. क्लिक लावून एकेक वाद्य वेगळं रेकॉर्ड करण्याची पद्धत सिनेसंगीताला ठीक आहे. अभंगात ठेका गाण्याकडे बघून वाढतो आणि कमी होतो, तो हेडफोनमधल्या टिकटिकीला कसा कळणार?

इंटरफेस, म्हणजे ज्याला दुकानात साउंड कार्ड म्हणतात, तो घेताना डब्यावर ‘२ इनपुट’ लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका. माइकची एक्सएलआर (तीन पिनांची) भोकं किती आहेत ते मोजा. फोकसराइटच्या स्कार्लेट सोलोला दोन इनपुट आहेत, पण माइकचा त्यातला एकच, दुसरा गिटारसाठी. तुम्हाला दोन माइक हवेत. बेहरिंगरचा यूएमसी २०४ एचडी किंवा ऑडियंटचा इव्हो ४ पाहा. स्कार्लेट २आय२ बजेटात बसला तर तोही उत्तम. कंडेन्सरला ४८ व्होल्टची फँटम पॉवर (केबलमधूनच माइकला मिळणारी वीज) लागते, या तिन्हींत ती आहे. पुढे कोणाला हेडफोन घालून गायचं झालंच, तर स्वतःचा आवाज थेट हेडफोनमध्ये ऐकण्याची सोयही हवी. लॅपटॉपमधून फिरून आलेला आवाज उशिरा येतो: ४८ किलोहर्ट्झला १०२४ सॅम्पलचा बफर (लॅपटॉप एका वेळी साठवून घेतो तो आवाजाचा तुकडा) म्हणजे एकाच दिशेला २१ मिलिसेकंद. तेवढ्यानेही गाणारा लयीत अडखळतो. विंडोज असेल तर कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (हा उशीर कमी करणारं सॉफ्टवेअर) टाका.

यूएसबी मिक्सर का नको? स्वस्तातले बहुतेक मिक्सर लॅपटॉपला सगळं एकत्र मिसळूनच पाठवतात. तबला थोडा मोठा झाला तर तो कायमचा मोठा. यूएसबी माइकही नको, उद्या दुसरा जोडायचा म्हटलं की अडतं.

हेडफोन बंद पाठीचे: सोनीचा एमडीआर ७५०६ किंवा ऑडिओ-टेक्निकाचा एम ४०एक्स. ते तुमच्या कानाला, आईंच्या नव्हे. आयुष्यभर मोकळ्या कानांनी गाणाऱ्या माणसाला हेडफोन घातला की तो स्वतःचाच आवाज ऐकत बसतो आणि सुरावरून हलतो. मिरजेत राहता, घरात किंवा ओळखीत तंबोरा असेलच. तो खोलीतच छेडा, माइकमध्ये आला तर गाण्याला आधारच होईल. स्पीकर मात्र खरंच थांबू द्या. ५६-५९ हर्ट्झच्या त्या अडकलेल्या लाटा स्पीकर लावला की पुन्हा जाग्या होतात, आणि तुम्ही गाणं नव्हे, खोली ऐकून निर्णय घेता. वर्षभर हेडफोनवर काम करा, मग तेच गाणं फोनवर, टीव्हीवर, गाडीत ऐकून पडताळा.

लॅपटॉप पुरेसा आहे. तो माइकच्या पाठीमागे लांब ठेवा, त्याचा पंखा रेकॉर्ड होतो. सॉफ्टवेअरला ऑडॅसिटी फुकट आहे. रीपर ६० दिवस वापरून मग परवाना घेता येतो. मी तोच सुचवीन. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, यापुढे जाण्याची गरज नाही. एका ट्रॅकला मिनिटाला ८.६४ एमबी, म्हणजे दोन माइकांचा तास साधारण १ जीबीत बसतो. गेन, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा तो आकडा, लावताना आईंना सर्वांत जोरकस तान घ्यायला सांगा आणि तेव्हा मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं पाहा. बैठक रंगली की त्या आणखी वर जातीलच, ती जागा मोकळी हवी. २४ बिटमध्ये थोडं हळू रेकॉर्ड झालं तर नंतर वाढवता येतं. फुटलेली तान परत जुळत नाही.

‘हूं’ असा सततचा गुणगुणाट आला तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा, पुष्कळदा तिथेच असतो. गेला नाही तर इलेक्ट्रिशियनला बोलावून सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. तीन पिनेची तिसरी पिन कापण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, तो जिवावरचा आहे. पावसाळ्यात कंडेन्सर माइक घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. आत ओल गेली की तो फुटाण्यांसारखा तडतडतो.

पहिल्या दिवशी एकच अभंग घ्या, चहा होऊ द्या, ऐका, माइक दोन बोटं हलवा, पुन्हा घ्या. वहीत तारीख, पट्टी, माइकचं अंतर आणि गेनचा आकडा लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी तीच जागा सापडेल. प्रत्येक फाइलच्या तीन प्रती करा: एक लॅपटॉपवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या कोणाच्या तरी घरी. आणि मूळ फाइलमधलं दोन गाण्यांच्या मधलं बोलणं कापू नका. ‘लय जरा धर रे’ असं आई भावाला म्हणतील, तेही त्यात राहू द्या.